तांबड्या पागोट्याची म्हैस

किकवीच्या अलीकडं, हायवेला खेटून आमचं गाव आहे. पुण्याहून साताऱ्याकडं जाताना एखाद्याला शिंक आली तर ती पुसेपर्यंत गाव मागं पडतं, एवढंच. पण एवढ्याशा गावात आता इतके कॅमेरे झालेत की कावळ्याला बसायला खांब उरलेला नाही. परवा माझ्या पाठीला खाज सुटली, तर मी गोठ्यात जाऊन म्हशीच्या आडोशाला खाजवून आलो. अंगणात खाजवली असती तर दिवेलागणीच्या आत गावाच्या ग्रुपवर आली असती आणि खाली कुणीतरी औषधही सुचवलं असतं.

आमची मंडळी म्हणतात, मी शेराचं सव्वाशेर करून सांगतो. करतो. पण पुढं जी म्हैस येणार आहे ती जशी होती तशीच सांगतोय.

हे सगळं सुरू झालं एका वाईट गोष्टीनं, आणि ती हसण्यावारी न्यायची नाही. हायवेच्या पलीकडं मळ्यात एक म्हातारं जोडपं राहायचं. एका रात्री चोर आले. म्हातारीच्या गळ्यातलं ओढायला लागले तेव्हा तिनं त्यांचा हात धरला, म्हणून तिच्या डोक्यात घातलं. ती दवाखान्यापर्यंत पोचलीच नाही. लहानपणी त्या मळ्यात चिंचा पाडायला गेलो की ती आधी शिव्या द्यायची आणि मग गरम भाकरीवर लसणाची चटणी घालून हातात द्यायची. तिच्या मातीला सारं गाव गेलं. आम्ही भ्यालो होतो. मी स्वतः उशाला कोयता घेऊन झोपत होतो आणि मांजराच्या चाहुलीनं दचकून त्याच कोयत्यानं स्वतःचा अंगठा कापून घेतला होता.

म्हातारा वाचला. डोक्याला पट्टी बांधलेली, तरी त्यानं पोलिसांना नीट सांगितलं. चोर पांढऱ्या चारचाकीतून आले होते. पायात बूट होते. अंगाला अत्तराचा वास येत होता आणि बोलणं शहरातलं, अगदी साजूक होतं. हे त्यानं पोलिसांना सांगितलं, सरपंचांना सांगितलं, भेटायला जाणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं.

गावानं काय करावं? सुरक्षा समिती नेमली. समितीचे अध्यक्ष म्हणून ज्यांना बसवलं ते गृहस्थ सारी नोकरी शहरातल्या एका कारखान्याच्या गेटवर करून गावी परतलेले. माणूस वाईट नाही. अडीनडीला धावून येणारा आहे. पण जन्मभर गेटच बघितल्यामुळं त्यांना जगाचे दोनच भाग दिसतात, एक गेटच्या आतला आणि दुसरा बाहेरचा. पहिल्याच बैठकीत त्यांनी सांगितलं की बाहेरच्यांना आवर घातला पाहिजे. ते खरंच होतं. मग कुणीतरी म्हणालं, गाड्या अडवू या. तर ते जमेना. आमच्याकडं आता रोज प्लॉट बघायला चारचाकीतून गिऱ्हाइकं येतात, त्यांना अडवलं तर जमिनीला भाव कसा यायचा? चारचाकी आली की सलाम करून सोडायची, असं ठरलं. मग अडवायचं कुणाला? तर जो पायी येईल त्याला.

मी त्या बैठकीत मागं बसलो होतो. उठून म्हणालो की चोर गाडीतून आले आणि बंदी चालणाऱ्याला, हे म्हणजे दात दुखतोय म्हणून गुडघ्याला लेप लावण्यासारखं झालं. सगळे हसले. बैठकीत मी बोललो की लोक हसतातच, मी आगीची बातमी सांगितली तरी हसतील. बोर्ड झाला. पिवळ्यावर काळ्या अक्षरात: फिरस्ते, फेरीवाले, भंगारवाले, मेंढपाळ व इतर अनोळखी इसमांस गावात प्रवेश बंद, आदेशावरून. कुणाच्या आदेशावरून, ते त्या बोर्डालाच ठाऊक.

आणि फाटक. जाड बांबूला पांढरे-तांबडे पट्टे मारले, एका टोकाला दगड बांधला आणि रस्त्यावर आडवा टाकला. शेजारी पत्र्याची टपरी आणि तीत एक राखणदार, ज्याला मी आजवर पूर्ण जागा बघितलेला नाही. पण फाटक लावलं कुठं ते ऐका. हायवेवरून आमच्या गावाकडं वळलं की आधी बौद्धवस्ती लागते आणि मग गाव. फाटक लावलं ते वस्तीच्या पुढं, गावाच्या तोंडाशी. म्हणजे जी वस्ती मतं मोजताना गावात असते, पाणीपट्टी घेताना गावात असते, ती वस्ती चोरांच्या बाजूला राहिली. त्यात आणखी दोन कॅमेरे वस्तीकडं तोंड करून बसवले, आणि हायवेकडं, जिथून ती पांढरी गाडी आली, तिकडं सगळ्या कॅमेऱ्यांची पाठ.

वस्तीत आमच्या अंगणवाडीच्या ताई राहतात. चौथीपर्यंत माझ्या वर्गात होत्या आणि तेव्हापासून मला गणित शिकवायचा प्रयत्न करतायत. त्यांना मी रागानं म्हटलं, ताई, तुमी तक्रार करा, हे काय चाललंय? त्या पोरांची खिचडी ढवळत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "आमच्याकडं बघायचं पयल्यापास्नंच चालू हाय, भाऊ. आता त्याचं रेकॉर्डिंग व्हतंय, एवढंच." मी खिचडीची चव बघायला वाटी पुढं केली.

हे आमच्याच गावात आहे असंही नाही. आमच्या मंडळींचं माहेर वेल्ह्याच्या वाटेवरचं विंझर. तिकडं तर डोंगर उतारावर बंगल्यांच्या वसाहती झाल्यात आणि प्रत्येकीला गेट. माझा मेव्हणा लहानपणापासून ज्या पायवाटेनं गुरं नेतो, तिच्यावर एक गेट आलं. गेटवरच्या माणसानं त्याला विचारलं, कुणाकडं जायचंय? तो म्हणाला, गवताकडं. त्यानं विचारलं, कोणत्या नंबरच्या बंगल्यात राहतात? हे सांगताना मेव्हणा पोट धरून हसत होता, पण त्या वर्षापासून त्याची गुरं दुसऱ्या वाटेनं जातात, आणि ती वाट दोन ओढे ओलांडून आहे. हे मात्र सांगताना तो हसला नाही.

आता कॅमेऱ्यांची पूजा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्याकडं हत्यारं पुजतात. विळा, कोयता, पाभर, ट्रॅक्टर, पिठाची गिरणी, ज्याच्यावर पोट चालतं ते सगळं धुऊन पुसून त्याला हळदकुंकू लावायचं. अध्यक्षांना वाटलं, गावाचं खरं हत्यार आता कॅमेरा. आपल्याच दारासमोरच्या खांबाला शिडी लावली. स्वतः वर चढले. ढोलताशा होता, बायका ओवाळायला होत्या. झेंडूचा हार घातला, नारळ फोडला आणि कॅमेऱ्याला कुंकू लावलं. कुठं लावलं हे खालून कुणाला दिसलं नाही. ओलं, तेलात कालवलेलं, चांगलं ठसठशीत बोट. वर दोन अक्षता. टाळ्या झाल्या, पेढे वाटले. मी तीन पेढे खाल्ले, त्यामुळं त्या दिवशी माझी काही तक्रार नव्हती.

पाऊस संपलेला होता. कॅमेऱ्यावर टोपी असते, त्यामुळं दवसुद्धा लागत नाही. कुंकू जिथं होतं तिथं राहिलं.

दिवाळी झाली की आमच्याकडं मेंढरं येतात. फलटण, खंडाळ्याकडून धनगरांचे वाडे, म्हणजे बिऱ्हाडासकट कळप, निघतात आणि भोरवरून वरंधा घाटानं खाली कोकणात उतरतात. वाटेत कापणी झालेल्या रानात आम्ही त्यांना थांबवून घेतो. मेंढरं वावरात बसवायची, म्हणजे रात्रभर तिथं कोंडायची. सकाळी जे खत पडलेलं असतं त्याच्यापुढं गोणीतलं खत म्हणजे नुसती रांगोळी. माझ्या बापाच्या वेळेपासून एकच म्हातारा आमच्यात येतो. मी त्याला मामा म्हणतो. तो मला बाळा म्हणतो, माझ्या डोक्यावर एक केस उरलेला नसताना. पुढं घोडी, घोडीवर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर पाय बांधलेल्या कोंबड्या आणि एक बोळक्या तोंडाचं पोर, मागं ढगासारखी मेंढरं, बाजूला वाघाला हाकलतील अशी कुत्री. आणि सगळ्यांच्या पुढं मामाचं तांबडं पागोटं. ते एवढं मोठं की आम्ही लहानपणी म्हणायचो, मामा मेंढरं पागोट्यात घालून आणतो आणि शिवेवर झटकतो.

मामाकडं बोर्ड वाचायची कला नव्हती आणि मला त्याला आधी कळवता आलं नाही, कारण मोबाईल तो घोडीच्या झोळीत ठेवतो आणि घोडी काही उचलत नाही.

ज्या दिवशी मामाचा वाडा हायवेवरून आमच्या वळणाला आला, नेमकी त्याच दिवशी सकाळी अध्यक्षांच्या विहिरीवरची पाण्याची मोटार गेली. पहाटे होती, न्याहारीच्या वेळेला नव्हती. अध्यक्षांनी लगेच घरच्या कॅमेऱ्याचं चित्रण लावलं. त्यांच्या ओसरीवर भिंतभर मोठा टीव्ही आहे, त्यावर साऱ्या गावाचे रस्ते दिसतात. हल्ली म्हाताऱ्या बायका मालिका सोडून तिथं येऊन बसतात. थोड्याच वेळात ग्रुपवर फोटो पडला. रस्त्यानं एक माणूस चाललाय. खांद्यावर पोतं, पोत्यात काहीतरी जड. तोंड काही दिसत नाही, पण डोक्यावर तांबडंलाल पागोटं. खाली अध्यक्षांनी लिहिलं होतं: हाच तो. आणि नेमका तेवढ्यात फाटकावरून फोन आला की धनगर आलाय.

मी शेतात होतो. पोचेपर्यंत मामाला पोलिसांच्या गाडीत बसवून नेलंही होतं. त्याचं पागोटं उतरवून घेतलं होतं. पुरावा म्हणून. हे मला अंगणवाडीच्या ताईंनी सांगितलं. म्हणाल्या, म्हातारा नुसता दोन्ही हात डोक्यावर धरून बसला होता, ऊन लागल्यासारखा.

फाटकाच्या बाहेर सगळी मेंढरं उन्हात उभी होती. मामाची म्हातारी घोडीला धरून उभी. बांबू आडवा, त्याच्या आत गाव, गावात ओढा, ओढ्यात पाणी. मेंढरांना पाण्याचा वास येत होता. दोन-चार कोकरं तर बांबूखालून आत गेलीसुद्धा. त्यांना राखणदारानं काठीनं परत हाकललं. त्या दिवशी मात्र तो जागा होता. मी त्याला म्हटलं, आरं, त्यांना पाणी तरी पिऊ दे, मेंढरानं काय मोटार नेली? तो म्हणाला, मला वरून सांगितलंय. हा वर कोण असतो ते मला आजवर कळलेलं नाही. आभाळात तर घारी फिरत होत्या.

शेवटी ताईंनी वस्तीतल्या हौदाचा नळ सोडला. वस्तीचं पाणी दिवसाआड येतं, तरी सोडला. बायांनी घमेली, पातेली, अंगणवाडीतली खिचडीची मोठी कढई, सगळं रस्त्याकडेला मांडलं. मेंढरं प्यायली. मी बघत उभा राहिलो आणि माझ्या टकलापासून टाचेपर्यंत संताप चढला. संताप म्हणजे असा की त्यावर चहा उकळला असता.

मी मोटारसायकल काढली आणि चौकीत गेलो. मामा बाकावर बसला होता. त्याला मी जन्मात कधी उघड्या डोक्यानं बघितला नव्हता. डोकं एवढंसं, पांढरं, कोवळं, लहान पोराच्या टाळूसारखं. मला बघून त्यानं हातानं ते झाकलं. पागोटं टेबलावर प्लास्टिकच्या पिशवीत होतं. हवालदार आमच्याच बाजूचा, जरा कंटाळलेला माणूस. मी त्याला सांगितलं की हा म्हातारा पहाटे अजून खंडाळ्याच्या वाटेवर होता, मेंढरांच्या पायानं तो मोटार गेली तेव्हा आमच्यात पोचूच शकत नव्हता. तो म्हणाला, चित्रणात दिसतोय की. मी म्हटलं, चित्रण तुमी बघितलं का फोटो? तो खुर्ची मागं सारून उठला. त्यानं फोटोच बघितला होता.

मग मी आणि हवालदार अध्यक्षांच्या ओसरीवर. तोवर सारं गाव जमलं होतं. आमची मंडळीही पदर खोचून पुढंच बसलेली. अध्यक्षांनी चित्रण लावलं. माणूस लांबून आला, पोतं, पागोटं, आणि तिथं त्यांनी थांबवलं. पुन्हा लावलं, पुन्हा तिथंच थांबवलं. जणू देवाचा गाभारा दाखवतायत. मी म्हटलं, अध्यक्ष, जरा पुढं तरी जाऊ द्या. ते म्हणाले, पुढं काय बघायचंय? पण हवालदारानंही मान हलवली, म्हणून त्यांनी सोडलं.

माणूस पुढं आला आणि त्याचं पागोटं मागं राहिलं. हवेत. माणूस निघून गेला, पागोटं तिथंच. मग लांबून एक बाई आली, डोक्यावर गवताचा भारा. भाऱ्याला पागोटं चढलं आणि उतरलं. त्या अध्यक्षीणबाई होत्या. मग स्वतः अध्यक्ष स्कूटरवर आले. त्यांनाही पागोटं. तसं बघायला गेलं तर ते त्यांना शोभत होतं. आणि शेवटी त्यांचीच म्हैस आली, सावकाश, रवंथ करत. बरोबर त्या जागी येऊन ती थांबली आणि तिनं कॅमेऱ्याकडं बघितलं. तांबडंलाल पागोटं, दोन्ही बाजूंनी शिंगं बाहेर. एवढी भारदस्त धनगरीण मी वाड्यातसुद्धा बघितलेली नाही.

हवालदारानं चष्मा पुसला. म्हणाला, "हिला पण घ्यायची का ताब्यात?"

जे हसू फुटलं ते पलीकडच्या गावात ऐकू गेलं असणार. कुणीतरी शिडी आणली, वर चढून बोटानं पुसलं, आणि खाली येऊन बोट दाखवलं. तेलकट कुंकू, आणि त्यात चिकटलेली एक अक्षता. अध्यक्षांनी स्वतःच्या हातानं लावलेलं. इतके दिवस सगळे त्याला टीव्हीच्या काचेवरचा डाग समजत होते. लांबून येणारा जो कुणी असेल, त्याचं डोकं एकदा तरी त्या बोटाखालून जाणारच.

पण खरी गोष्ट यापुढं आहे. हसण्याचा गोंधळ कमी झाला तेव्हा हवालदार म्हणाला, ते ठीक, पण मग हा पोतं घेतलेला माणूस कोण? पुन्हा पहिलं चित्रण लावलं. आता कुंकू काय आहे ते कळल्यावर नजर खाली गेली, सदऱ्यावर, चालण्यावर. आमची मंडळी टीव्हीच्या अगदी जवळ गेल्या आणि साऱ्या गावासमोर म्हणाल्या, "अवो, ह्यो तर तुमचा निळा सदरा. खांद्यावरचं ठिगाळ म्याच लावलंय की."

तो मीच होतो. सकाळी शेतातले लाल भोपळे पोत्यात घालून मी एसटीनं विंझरला मेव्हण्याकडं पाठवायला निघालो होतो. वाकून चाललो होतो, म्हणून तोंड दिसलं नाही. आणि दिसलं काय, नाही काय, माझं टक्कल त्या कुंकवाखाली गेलेलं.

मी उठून उभा राहिलो. म्हटलं, बरं झालं, सापडला. मोटार गेली त्या सकाळी, त्या रस्त्यानं, जड पोतं घेऊन जाणारा माणूस सापडला. घ्या मला गाडीत. माझा सदरा काढून पिशवीत घाला. ओसरीवरचे पुन्हा हसायला लागले. मी म्हटलं, हसताय काय, भोपळेच होते ह्याला साक्षीदार कोण? पोतं उघडून कुणी बघितलं? हवालदार हसत होता. अध्यक्षही हसले, आणि मला हाताला धरून खाली बसवत म्हणाले, "तुमी कशाला चोरताय? तुमी आपल्यातलं."

मी विचारलं, "आणि मामा?"

त्यांनी आत बघून चहा सांगितला.

चहा आला. माझ्यासाठी कपबशीतून, वर बिस्कीट. तोच रस्ता, तेच पोतं, तोच फोटो. मामा वाटला तेव्हा चौकी, आणि मी निघालो तेव्हा चहा. मी आयुष्यात फुकटचा चहा कधी सोडलेला नाही, लोक माझी त्यावरून थट्टा करतात. तो तसाच ठेवून उठलो. बिस्कीटसुद्धा.

मामाला हवालदारानं स्वतः गाडीतून आणून फाटकाबाहेर सोडलं. पागोट्याची पिशवी हातात दिली. माफी वगैरे कुणी मागितली नाही. तो शब्द कुठं ठेवलाय ते कुणाला आठवत नसावं. मामानं वस्तीच्या नळाखाली पागोटं धुतलं, दोन्ही टोकं धरून ताईंच्या भावानं पिळलं, आणि ओलंच त्यानं डोक्याला बांधलं. गळणारं पाणी कपाळावरून ओघळत होतं, ते त्यानं पुसलं नाही, म्हणून मीही तिकडं फार बघितलं नाही.

मग अध्यक्ष आले. त्यांनाही आत कुठंतरी टोचलं असावं, पण गेटच्या माणसाला टोचलं की तो पास काढतो. त्यांनी एक पास आणला होता, प्लास्टिकचा, निळ्या दोरीत ओवलेला. हा गळ्यात घालायचा, म्हणजे मामाला माझ्या वावरापर्यंत जाता येईल, आणि मेंढरं वावरात आहेत तोवर तो काढायचा नाही. त्यांना खरंच वाटत होतं की आपण मोठं मन दाखवतोय.

मामानं पास हातात घेऊन उलटसुलट बघितला. मग आपल्या कुत्र्याकडं बोट केलं, ज्याच्या गळ्यात बिबट्यासाठी खिळ्यांचा पट्टा होता. "आमच्यात गळ्यात ह्याला घालत्यात," तो म्हणाला. "माझी मेंढरं बांबूखालनं जात्याल, त्यांना वाकावं लागत न्हाई. म्या जायचा न्हाई." आणि पास त्यानं अदबीनं, दोन्ही हातांनी परत दिला.

मी त्याला हात जोडले, म्हटलं, मामा, माझं वावर तुमची वाट बघतंय. तो म्हणाला, बाळा, तुझ्या बापानं माझ्याकडं कधी कागद मागितला न्हाई. मी म्हटलं, मी पण नाही मागितला. तो म्हणाला, ते खरं. पण जागचा हलला नाही.

तेव्हा अंगणवाडीच्या ताईंनीच तोड काढली. वस्तीच्या मागं त्यांच्या भावकीची जमीन आहे. मुरमाड, चिंचोळी, वर्षानुवर्षं खतावाचून राहिलेली, कारण मेंढरं नेहमी आम्ही गाववाले आधीच अडवून आत नेत होतो. ताई म्हणाल्या, आमच्यात बसवा. मामाची म्हातारी लगेच घोडी वळवायला लागली. तिला चर्चा आवडत नाहीत.

मेंढरं तिथं बसली. मी रोज फाटकाबाहेर जाऊन बसायला लागलो. मामाच्या चुलीवरचा चहा, ताईंच्या भावकीतल्यांची चेष्टामस्करी, कोकरांच्या उड्या, मला घरी परत जावंसंच वाटेना. आमची मंडळी म्हणाल्या की ह्यांनाच आता वाड्यात घ्या. मामा म्हणाला, ह्याला घेऊन करू काय, ह्याच्या अंगावर तर कातरायला लोकर न्हाई.

वस्तीतल्या त्या तुकड्यांवर काळंभोर खत पडत होतं आणि गावातल्या वावरात काही नव्हतं. पाहणाऱ्यांना ते दिसत होतं. आणि एका संध्याकाळी अध्यक्ष माझ्या गोठ्यात आले. इकडंतिकडं बघून हळू आवाजात म्हणाले की मेंढरं जायच्या आधी त्यांच्याही वावरात बसली तर बरं होईल. मी म्हटलं, मग फाटक उचला, बोर्ड काढा. ते म्हणाले, असं कसं, समितीचा निर्णय आहे, लोक काय म्हणतील. मग त्यांनी स्वतःच काढलेली वाट सांगितली. ओढ्याच्या बाजूनं, करंजाच्या झाडामागून यायचं, कारण तेवढीच जागा कॅमेऱ्यात येत नाही.

गावाच्या सुरक्षेचा अध्यक्ष मला सांगत होता की कॅमेऱ्याला चुकवून गावात कसं शिरायचं! मोटार नेणाराही कदाचित त्याच वाटेनं गेला असेल. ती मोटार अजून सापडलेली नाही. मळ्यातल्या म्हातारीला मारणारेही नाहीत. त्यांना शोधायला एकाही कॅमेऱ्यानं मान वळवलेली नाही.

तरी मी निरोप घेऊन गेलो. का गेलो? मला वाटलं, मामा ऐकून हसेल, आणि त्याचं हसणं मला हवं होतं. तो हसला नाही. चुलीतलं लाकूड मागं ओढून त्यानं जाळ कमी केला.

"चोर म्हणून न्यायचं हुतं तवा समोरनं नेलं," तो म्हणाला. "आता खत पायजे तर मागनं ये म्हनत्यात. सांग त्यांना, चोराच्या वाटंनं चोरच येतोय. आमी न्हाई."

दुसऱ्या दिवशी वाडा हलला. भोरच्या दिशेनं, चांगलं ऊन पडल्यावर, फाटकाच्या अगदी पुढून. मामा सगळ्यात पुढं, पागोटं आता वाळून कडक झालेलं. मी त्याच्या शेजारून हायवेच्या फाट्यापर्यंत चालत गेलो. ट्रकवाले थांबून मेंढरांना वाट देत होते. एका पांढऱ्या चारचाकीनं मात्र हॉर्न वाजवून वाजवून कोकरं बिथरवली आणि ती सुसाट आमच्या गावाकडं वळली. प्लॉट बघायला आली असेल. मामानं पुढच्या वर्षीचं काही बोलणं केलं नाही आणि मलाही विचारायचा धीर झाला नाही.

फाट्यावर उभा असतानाच मोबाईल वाजला. ग्रुपवर फोटो आला होता: मेंढपाळांची टोळी गावाच्या हद्दीतून बाहेर पडली, गावकऱ्यांनी निर्धास्त राहावं. फोटोत मेंढरं होती, घोडी होती, मामा होता आणि त्याच्या खांद्याला खांदा लावून मी होतो, माझं टक्कल आरशासारखं चमकत. माझ्याबद्दल एक अक्षर नव्हतं. मी उभ्या उभ्या टाइप केलं की टोळीतला एक इसम परत गावाकडं येतोय, पायी येतोय, फाटक बंद ठेवा, चौकीला कळवा. त्याखाली लोकांनी हसणारी तोंडं पाठवली, ओळीच्या ओळी.

मी पायी आलो. मुद्दाम रस्त्याच्या मधून, छाती काढून आलो. फाटकापाशी थांबलो आणि वाट बघितली, कुणी नाव विचारतंय का, कुठून आलात विचारतंय का. राखणदार टपरीत पेंगत होता. माझी चाहूल लागली तसा त्यानं डोळेही न उघडता पायानं दगड दाबला आणि बांबू वर गेला.